साडूचा डावा पाय

गो-कार्टच्या ट्रॅकवरच्या मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. हे नाव त्याच्या साडूनं ठेवलेलं, आणि साडूनं ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की निघता निघत नाही. हे तर त्याला शोभतही होतं. गाडी समोरून नुसती गेली तरी हा माणूस डोळे मिटून सांगायचा, आत काय बिनसलंय ते. डोळे मिटायची खरं तर काही गरज नव्हती. पण बघणाऱ्यांना ते आवडायचं, आणि त्यालाही.

या गाड्या म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे इंजिन, आणि जमिनीला टेकायला आलेली एक खोलगट खुर्ची. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती एका रबरी पट्ट्यावरून. पट्टा दोन पुल्यांवर बसतो, आणि इंजिनाकडच्या पुलीतच क्लच असतो. इंजिन जोरात फिरलं की ती पुली पट्ट्याला आवळून धरते, मंद झालं की सोडून देते. कुरकुर करतात ते हेच दोघं, पट्टा आणि क्लच, आणि त्यातला आवाज कुणाचा हे ओळखणं म्हणजे शेजारच्या घरात भांडण चालू असताना चूक कुणाची हे भिंतीला कान लावून सांगण्यासारखं आहे.

कानसेनला ते जमायचं. गाडी जागेवर उभी असताना खडखड येत असेल तर क्लचमधली बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी बारकी नळी, झिजली. धावताना सतत बारीक चीं चीं येत असेल तर दोन पुल्या एका रेषेत नाहीत. एका लयीत टप टप येत असेल तर पट्टा एका जागी जळून त्याला खळगा पडलाय. असा खळगा पडतो तो ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्यावर, कारण चाक थांबल्यामुळे पट्टा जागच्या जागी थांबतो आणि पुली मात्र फिरत राहून त्याला एकाच ठिकाणी घासत बसते. आणि गाडी निघताना किंचाळली तर पट्टा घसरतोय. मग पट्टा उतरवून बघायचा, सगळीकडून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. हे सगळं त्याला पाठ होतं, हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यानं जे केलं ते माहीत नसल्यामुळे केलं असं म्हणायची सोय नाही.

जन्मापासून काही तो या धंद्यात नव्हता. आधीची सगळी वर्षं त्यानं शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात घालवली होती. ज्या कपड्यांच्या कारखान्यात तो होता तो बंद पडला, तेव्हा साडूनंच त्याला ट्रॅकवर आणलं. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. वयानं मोठा, अंगानं त्याहून मोठा, आणि आवाजानं सगळ्यांहून मोठा. गिऱ्हाइकांना हेल्मेट घालणं, त्यांच्या खुर्चीचे पट्टे आवळणं, झेंडा दाखवणं ही त्याची कामं. ट्रॅकच्या मालकीणबाईंना त्यानं सांगितलं, "याच्या हातात यंत्र द्या आणि निवांत झोपा. माझ्या शब्दावर घ्या." आणि मालकीणबाईंनी घेतलं.

येताना कानसेननं आपली हत्यारं आणली आणि आपली सवयही. लांब नाकाची तेलाची कुपी घेऊन रोज सकाळी प्रत्येक यंत्राला तेलाचा थेंब पाजल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला, तो म्हणायचा की यंत्राला उपाशी ठेवून कामाला लावणं हे पाप आहे. शिलाई मशिनच्या बाबतीत म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. ट्रॅकवर पहिल्याच सकाळी कानसेननं सगळ्या गाड्यांच्या क्लचच्या मधोमध, जिथे पुली आत-बाहेर सरकते, तिथे एकेक थेंब सोडला. आधीचा मेकॅनिक तो येण्यापूर्वीच निघून गेला होता, त्यामुळे असं करू नकोस म्हणायला कुणी नव्हतं. मन लावून, अगदी मायेनं तो ते काम करायचा.

मग साडू एकेक गाडी घेऊन ट्रॅकवरून एक फेरी मारायचा आणि कानसेन वळणावर, जुन्या टायरांच्या ढिगाशी उभा राहून ऐकायचा. या गाडीत पायाशी दोनच पेडल असतात. डाव्या पायाला ब्रेक, उजव्या पायाला अॅक्सिलरेटर. साडू एवढ्या मोठ्या देहानं त्या छोट्या खुर्चीत बसायचा तेव्हा गाडी कुठे संपते आणि साडू कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, पण चालवायचा मात्र सुरेख. वळणावरून जाताना हात वर करून ओरडायचा, "काय कानसेन, सूर लागलाय का?" आणि पुढच्या वळणावर दिसेनासा व्हायचा.

काही दिवसांतच गाड्या निघताना किंचाळायला लागल्या. आधी एक, मग दुसरी, मग जवळजवळ सगळ्याच. कानसेननं पुल्या तपासल्या, सरळ होत्या. पट्टे बदलले. नवीन पट्टा चार दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि पुन्हा किंचाळायचा. गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवायला लागली. कानसेननं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तासन् तास ऐकलं. काय होतंय ते त्याला कळत होतं, पट्टा घसरतोय. का घसरतोय ते कळत नव्हतं. न कळण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याची चिडचिड व्हायला लागली, आणि आपण चिडलोय हे लपवण्यासाठी त्यानं आणखी तेल घातलं.

एके दिवशी सकाळी साडू सगळ्यांसमोर म्हणाला, "कानसेन, तुझ्या कानाला गंज चढला वाटतं." सगळे हसले. रोजच्यासारखी थट्टा होती, पण त्या दिवशी ती झोंबली. आणि नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई शेडमध्ये आल्या, हातात वाया गेलेल्या पट्ट्यांचा गुंता घेऊन. त्यांनी तो टेबलावर टाकला.

"हे पट्टे खातंय कोण?" त्यांनी विचारलं.

सगळे कानसेनकडे बघायला लागले. माहीत नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं तो बोलून गेला, "पट्टा आपोआप जळत नाही. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबले की जळतो. दोन पाय एकदम पडतात काही लोकांचे. आणि सकाळी सगळ्या गाड्या एकच माणूस फिरवतो."

साडू आधी हसला. त्याला वाटलं, मघाच्या थट्टेची परतफेड आहे. मग मालकीणबाई हसत नाहीत हे बघून त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं. टेबलावर पट्टे सगळ्यांसमोर पडले होते. एकालाही खळगा नव्हता. सगळे सगळीकडून गुळगुळीत होते. ते ओळखणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला.

मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून साडूला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. लाकडी खोपट, एक स्टूल, समोर जाळी. त्यात तो मावायचा नाही, एक खांदा नेहमी दाराबाहेर. संध्याकाळी कानसेन समोरून जात होता तेव्हा त्यानं जाळीतून हाक मारली.

"खरंच का रे? माझे पाय एकदम पडतात?"

आता तरी सुटता आलं असतं. चुकलो साडूभाऊ, रागात बोललो, एवढं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. कानसेन म्हणाला, "थोडेसे."

हे 'थोडेसे' पुढे त्याला सगळ्यात जास्त छळणार होता. मोठं खोटं माणूस रागाच्या भरात बोलतो. थोडंसं खोटं बोलायला डोकं थंड असावं लागतं.

साडू उतरला तरी गाड्या किंचाळतच राहिल्या. आता सकाळच्या फेऱ्या कानसेन स्वतःच मारायचा. विचारलं कुणी तर म्हणायचा, जुन्या पट्ट्यांना आधीच इजा झालीय, नवीन येऊ द्या. साडू खिडकीतून त्याच्यासाठी चहा पाठवायचा. तो चहा कानसेन टायरांमागे ओतून द्यायचा, परत पाठवायची हिंमत नव्हती.

आणि मग सुटीच्या दिवशी घरी बायकोनं शिलाई मशिन काढलं. खिडकीचे पडदे शिवायचे होते. कानसेननं सवयीनं मशिनला तेल घातलं आणि बाजूला झाला. बायकोनं पडद्याचं कापड हातात घेतलं नाही. आधी एक जुनी चिंधी सुईखाली सरकवली आणि तिच्यावर उगाचच टाके मारत राहिली.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत की, लग्नानंतर," ती म्हणाली. "तेल घातलं की आधी चिंधीवर चालवायचं. जास्तीचं तेल चिंधी पिते. नाहीतर चांगल्या कापडाला लागतं."

तिनं चिंधी काढून बाजूला टाकली. तिच्यावर टाक्यांच्या रेघेबरोबर तेलाचा पिवळट डाग पसरला होता. कानसेन त्या डागाकडे बघत राहिला. क्लचची पुली मिनिटाला हजारो वेळा फिरते. तिच्या मधोमध सोडलेलं जास्तीचं तेल कुठे जाणार? बाहेर. आणि बाहेर काय आहे? पट्टा. रोज सकाळी मायेनं पाजलेला तो थेंब पट्टा पीत होता आणि घसरत होता. गाड्या एवढे दिवस एकच गोष्ट ओरडून सांगत होत्या, आणि कानसेन दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवत होता.

"अहो, काय झालं?" बायकोनं विचारलं. तो काही नाही म्हणाला आणि अंघोळीला गेला, सकाळी एकदा झालेली असताना.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जाऊन त्यानं एका गाडीच्या पट्ट्यावरची झाकणाची जाळी उघडली आणि पांढऱ्या फडक्यानं पुली आतून पुसली. फडकं काळं चिकट झालं. मग दुसरी, मग तिसरी. सगळीकडे तेच. त्यानं सगळ्या पुल्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या, कोरड्या केल्या, नवीन पट्टे चढवले आणि तेलाची कुपी खणात ठेवून दिली. गाड्या गप्प झाल्या. आठवडा गेला तरी एकही किंचाळली नाही.

मनातल्या मनात त्यानं ठरवलं होतं की आवाज गेला की विषय आपोआप मिटेल, साडूही हळूहळू परत येईल. पण झालं भलतंच. मालकीणबाई शेडमध्ये आल्या, उभ्या राहून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुमचं निदान बरोबर निघालं. तो उतरला आणि गाड्या गप्प झाल्या. मी उगाच इतके दिवस त्याची भीड धरली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आता गाडी सुरळीत चालली की तिच्या प्रत्येक फेरीबरोबर साडू पुन्हा एकदा दोषी ठरत होता. कानसेननं जितकं चांगलं काम करावं तितका साडूचा गुन्हा पक्का व्हावा. त्याला वाटलं, एखाद्या गाडीत पुन्हा तेल घालावं आणि तिला ओरडू द्यावं. एकदा तर त्यानं खणातून कुपी काढलीही. मग स्वतःचीच लाज वाटून परत ठेवली. खाई त्याला खवखवे. रात्री जेवताना तो घास हातात धरून बसायचा आणि बायको बघत राहायची. एकदा ती म्हणाली, "ताई हल्ली बोलत नाही माझ्याशी नीट. तुम्हाला काही माहीत आहे का?" तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं आपलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगता?"

पुढच्या सुटीला दुपारी तो साडूच्या घरी गेला. दार मेहुणीनं उघडलं. "या," एवढंच म्हणाली आणि आत गेली. एरवी ती दारातच थट्टा सुरू करायची.

साडू आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता. समोर जमिनीवर दोन विटा ठेवल्या होत्या, एक डाव्या पायाशी, एक उजव्या. तो एका विटेवर पाय दाबायचा, उचलायचा, थांबायचा, मग दुसरा पाय दुसऱ्या विटेवर. कपाळावर घाम होता.

"ये, ये," तो म्हणाला. "बघ आता. आधी डावा पूर्ण वर. मग उजवा. बघ, एकदम पडतायत का?"

कानसेननं बघितलं. त्याला बसवेना.

"तुझंच खरं होतं," साडू म्हणाला. "मी लक्ष ठेवून बघितलं ना, तर डावा पाय माझा नसल्यासारखाच वागतो. मला कधी कळलंच नव्हतं. स्कूटरसुद्धा बंद केली मी, चालत येतो. भीती वाटते, कुणाला उडवीन. चांगला सुटला पाय की मालकीणबाईंना विचारीन म्हणतो, एकदा चालवून बघू द्या."

कानसेन येताना पाठ करून आला होता. आधी शिलाई मशिनचं सांगायचं, मग म्हाताऱ्याची शिकवण, मग चिंधी, आणि शेवटी हळूच मुद्द्यावर यायचं. त्यातलं काही आठवेना.

"साडूभाऊ, पाय चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "तेल माझं होतं. रोज सकाळी क्लचमध्ये मी तेल घालत होतो, ते उडून पट्ट्यावर जायचं. म्हणून पट्टे घसरायचे. तुमच्या पायाचा काही संबंध नव्हता. आणि त्या दिवशी टेबलावरचे पट्टे बघून मला कळत होतं की ब्रेकनं जळलेले नाहीत हे. तरी मी बोललो."

साडूचे पाय विटांवरच थांबले. आता शिव्या येतील म्हणून कानसेननं खांदे आवळून घेतले. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे पाय चांगला आहे?" साडूनं विचारलं.

"चांगला आहे."

"दोन्ही एकदम पडत नव्हते?"

"कधीच नाही."

साडू उठला. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलंस का गं? पाय चांगला आहे माझा." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की कानसेनला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. रागाचं नाव नव्हतं. विटा साडूनं स्वतःच उचलून कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "बस रे, चहा घे. चुकतं माणसाचं. मालकीणबाईंना काही सांगत बसू नकोस, तुझी नोकरी जायची. खिडकीत बरा आहे मी."

मेहुणी दारात येऊन उभी राहिली होती. "मालकीणबाईंना सांगितलंत?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"मग तुम्ही अजून कुणालाच काही सांगितलं नाहीत, भावोजी," ती म्हणाली. "यांचं काय, यांना कुणीही काहीही सांगावं आणि यांनी ऐकावं. तसंच बसले होते ना विटा घेऊन."

तिचं बरोबर होतं. जो माफ करील त्याच्याकडेच तो आधी आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये, त्याच टेबलाशी, सगळ्यांसमोर त्यानं मालकीणबाईंना सांगितलं. कुपी काढून समोर ठेवली, काळं झालेलं फडकं ठेवलं. शेवटपर्यंत सांगितलं, त्या दिवशीच्या पट्ट्यांसकट.

"त्या दिवशी माहीत नाही म्हणायला काय जात होतं तुमचं?" त्यांनी विचारलं.

कानसेननं कुपी त्यांच्याकडे आणखी पुढे सरकवली. मग त्यांनी खिडकीकडे माणूस पाठवून साडूला बोलावून घेतलं, झेंडा त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी त्याची माफी मागितली. कानसेनला काढलं नाही. काढलं असतं तर निदान काहीतरी भरपाई झाली असं त्याला वाटलं असतं.

साडू पहिल्या गाडीत बसला. खुर्चीत बसल्यावर त्यानं डावा पाय ब्रेकजवळ नेला आणि पेडलला न लावता हवेतच धरून ठेवला. मग गाडी निघाली, सायकलच्या वेगानं. वळणाच्या कितीतरी आधी त्यानं उजवा पाय सोडला, मान वाकवून खाली डाव्या पायाकडे बघितलं, आणि मग ब्रेक दाबला. सरळ रस्त्यावर पुन्हा खाली बघितलं. कानसेन टायरांच्या ढिगाशी उभा होता. गाडी समोरून गेली, पट्टा गप्प, क्लच गप्प, आणि साडूही गप्प. फेरी पूर्ण करून तो शेडपाशी थांबला.

"आला का रे आवाज?" त्यानं विचारलं.

"नाही आला, साडूभाऊ."

"नीट ऐकलंस ना?"

"नीट ऐकलं. काही नाही."

साडूनं मान हलवली. उठून तो दुसऱ्या गाडीकडे गेला, खुर्चीत बसला, आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.